हाडांचं वार्षिक सलाईन: आधीचे तीन आठवडे, नंतरचे तीन दिवस

झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन चढायला फार तर अर्धा तास लागतो. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला ते वर्षातून एकदाच घ्यायचं असतं, म्हणून घरचेही ते हलक्यावर घेतात. ‘एक सलाईन तर लावायचं आहे.’ मग सकाळी नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात पोचल्यावर कळतं की किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट सहा महिन्यांपूर्वीचा आहे, व्हिटॅमिन डी कधी तपासलंच नाही आणि हलणारी दाढ पुढच्या महिन्यात काढायची ठरली आहे. सलाईन त्या दिवशी होत नाही. किंवा कुणी विचारतच नाही आणि ते होऊन जातं, हे जास्त वाईट.

हाड जिवंत असतं. जुनं झिजवणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशींचं काम त्यात रात्रंदिवस चालू असतं. पाळी गेल्यानंतर झिजवण्याचं काम बांधण्याच्या पुढे धावू लागतं. हे औषध झिजवणाऱ्या पेशींना थंड करतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ चाचणीत साडेसात हजारांहून जास्त स्त्रियांना तीन वर्षं, वर्षाला एक याप्रमाणे हे किंवा औषध नसलेलं सलाईन दिलं गेलं. औषध मिळालेल्यांमध्ये मणक्याची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. खुबा मोडल्यावर घराचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या आकड्यांची किंमत सांगावी लागत नाही. पण हे औषध हाडाला चिकटून बसतं आणि महिनोन् महिने तिथेच राहतं. गोळी सोसली नाही तर बंद करता येते. हे एकदा शिरेत गेलं की परत काढता येत नाही. म्हणून सगळी विचारपूस आधीच करायची.

तारीख कोणती घ्यावी

निवड हातात असेल तर नागपुरात हे सलाईन ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान घ्यावं. औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि अंगात पाणी कमी असताना ते दिलं तर किडनीला इजा होऊ शकते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपा लागतो, वयस्क माणसाची तहान तशीही मंदावलेली असते. दिवसभर कूलरसमोर बसलेल्या आजींना आपण सुकलो आहोत हे कळतही नाही. त्यात दुसऱ्या दिवशी ताप आला तर आणखी पाणी जातं.

मात्र नुकतंच फ्रॅक्चर झालेलं असेल तर हिवाळ्याची वाट पाहत बसू नये. तेव्हा उन्हाळ्यातही घ्यावं, फक्त सकाळी आठ-नऊची वेळ मागावी आणि पाण्याचा हिशेब कडक ठेवावा. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर सलाईन साधारण दोन आठवड्यांनंतर देतात, त्याआधी नाही.

वार सोमवार किंवा मंगळवार बरा. त्रास झालाच तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो आणि तेव्हा डॉक्टर ओपीडीत असायला हवेत. शनिवारी सलाईन घेतलं की रविवारी तापात फोन कुणाला लावायचा हा प्रश्न उभा राहतो. पुढचे तीन दिवस मोकळे ठेवा. महालक्ष्म्या, पोळा किंवा घरचं लग्न तोंडावर असताना ज्या बाईवर स्वयंपाकाचा भार आहे तिला हे सलाईन देणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ती तापातही चुलीशी उभी राहील.

रक्ताचे रिपोर्ट आणि एक गणित

तीन आठवडे आधी तीन तपासण्या करून घ्या: क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. क्रिएटिनिन सलाईनच्या दिवसाच्या जितकं जवळचं तितकं चांगलं, म्हणून ते आदल्या आठवड्यात पुन्हा करायला सांगितलं तर कुरकुर करू नका.

क्रिएटिनिनच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. लॅबच्या कागदावर आकडा ‘नॉर्मल’ रकान्यात दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. बारीक अंगाच्या म्हातारीचे स्नायूच थोडे, त्यामुळे किडनी मंद असूनही आकडा वाढत नाही. खरी क्षमता काढायला वय आणि वजन लागतं. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. स्त्री असेल तर आलेलं उत्तर ०.८५ ने गुणा.

समजा वय ७४, वजन ४६ किलो, क्रिएटिनिन १.१. १४० वजा ७४ म्हणजे ६६. ६६ गुणिले ४६ म्हणजे ३०३६. ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२. भागाकार ३८.३ आणि ०.८५ ने गुणल्यावर ३२.६. हे सलाईन ३५ च्या खाली देत नाहीत. म्हणजे कागदावर साजरा दिसणारा १.१ या बाईंसाठी ‘नको’ असं सांगतो आहे. हेच क्रिएटिनिन ५० वर्षांच्या, ६५ किलोच्या बाईंचं असेल तर उत्तर ६३ येतं आणि अडचण नसते. गणित घरी करून कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना दाखवा. निर्णय त्यांचाच, पण प्रश्न तुम्ही विचारलेला बरा. उत्तर ३५ च्या जवळपास घुटमळत असेल तर भरपूर पाणी पिऊन आठवडाभराने तपासणी पुन्हा करतात. खाली राहिलं तर दुसरी औषधं आहेत, सलाईनचा हट्ट धरू नये.

व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आधी ते भरून काढावं लागतं. नागपुरात ऊन उदंड, पण आपण त्यातून तोंडाला स्कार्फ बांधून पळतो आणि म्हातारी माणसं तर सकाळी नऊनंतर दारच उघडत नाहीत, त्यामुळे कमतरता घरोघरी निघते. सहसा ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आठवड्यातून एकदा, सुमारे आठ आठवडे देतात. ती दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. ‘आठवड्यातून एकदा’ हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि वार ठरवा. रोजच्या डब्यात पडली की रोज घेतली जाते, मग कॅल्शियम धोकादायक वाढतं. फ्रॅक्चरमुळे आठ आठवडे थांबता येत नसेल तर डॉक्टर एकदम मोठा डोस देऊन दोन आठवड्यांनी सलाईन लावतात.

हे सगळं कशासाठी? सलाईननंतर हाडातून रक्तात येणारं कॅल्शियम अचानक आटतं. शरीरात डी आणि कॅल्शियमचा साठा नसेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांना गोळे येतात. कॅल्शियम आधीच कमी असताना हे सलाईन लावायचंच नसतं.

दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. पाव लिटर दुधातून सुमारे ३०० मिळतं. दोन कप दूध आणि वाटीभर दही झालं की साडेसातशेच्या आसपास पोचता. ज्वारीची भाकर पोटाला उत्तम, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात असतं. उरलेलं एका ५०० च्या गोळीतून येईल. गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असं असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च असतं, घाबरू नका. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट मागा, ते कमी आम्लातही शोषलं जातं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.

दात

या औषधानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरून येत नाही. वार्षिक डोसमध्ये हे फार विरळ आहे, कॅन्सरसाठी महिन्या-महिन्याला घेणाऱ्यांमध्ये जास्त. तरी एकदा झालं की ते महिनोन् महिने छळतं, म्हणून दंतवैद्याकडे आधी जाऊन या. काढायची दाढ, इम्प्लांट, हिरडीचं ऑपरेशन असलं काहीही आधी उरका आणि जखम पूर्ण भरल्यावरच तारीख घ्या. दात स्वच्छ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल यांना नंतरही हरकत नसते. कवळी टोचून फोड येत असेल तर ती बसवून घ्या. खासगीत खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तो लपवू नये. आपल्याकडे बायाही खातात आणि डॉक्टरांसमोर मान हलवून नाही म्हणतात. हिरडी सतत सोललेली असेल तर जबड्याचा धोका वाढतो आणि तंबाखूने हाडंही झिजतात. दंतवैद्याला खरं सांगा.

औषधांची पिशवी

यादीपेक्षा पिशवीच घेऊन जा, गोळ्या बघितल्या की डॉक्टरांना लगेच कळतं. त्यांना मुद्दाम दाखवायच्या गोष्टी: लघवी होण्याची गोळी, गुडघेदुखीसाठी रोज चाललेलं डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक, नुकताच झालेला कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन, जेन्टामायसिन किंवा ॲमिकॅसिनचं इंजेक्शन. किडनीवरचा ताण यांनी वाढतो. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. आठवड्याला घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी चालू असेल तर ती थांबते, कारण दोन्ही एकाच जातीची औषधं आहेत. दम्याच्या रुग्णाला ॲस्पिरिनने कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा.

एक निराळी गोष्ट. दर सहा महिन्यांनी पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली घ्यायचं डेनोसुमॅब हे वेगळं इंजेक्शन. त्याचा परिणाम सहा महिन्यांनी झपाट्याने उतरतो आणि डोस चुकला तर मणके एकामागून एक दबू शकतात. तिथून सलाईनकडे वळायचं असेल तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं अजिबात चालत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून सहावा महिना भरत येण्याआधी डॉक्टरांशी तारीख पक्की करा.

आदला दिवस आणि सकाळ

उपाशी जायचं नसतं. रक्त काढायच्या सवयीमुळे कित्येक जण चहासुद्धा न घेता येतात आणि खुर्चीत बसल्यावर चक्कर येते. पोहे, उपमा, भाकर-भाजी, जे रोजचं आहे ते खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं.

आदल्या दिवशी दोन ते अडीच लिटर पाणी, ताक, पन्हं मिळून पोटात जाऊ द्या. निघण्याआधी दोन ग्लास, म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी प्या. रक्तदाब असेल तर ताकात मीठ नको. हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या, ‘भरपूर’ या शब्दावर थांबू नका. लघवीला जावं लागेल म्हणून प्रवासाच्या दिवशी पाणी टाळण्याची सवय बायकांमध्ये फार आहे. या एका दिवशी तरी ती मोडावी. पोटभर पाण्याने शिराही फुगतात आणि सुई पहिल्या फटक्यात लागते.

सैल बाहीचा ब्लाऊज किंवा कुर्ता घाला. ज्या हाताला सुई लागणार त्या हातातल्या घट्ट बांगड्या घरीच काढा. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई लावू देऊ नका. सोबत फाईल, पॅरासिटामॉल, पाण्याची बाटली आणि घरचं एक माणूस हवं.

काटोल, उमरेड, रामटेकहून एसटीने येणाऱ्यांनी मागची सीट टाळावी. दबलेल्या मणक्याला गतिरोधकाचा एक दणका महाग पडतो, मधल्या सीटला तो कमी बसतो. दुचाकीवर मागे बसून परत जाऊ नये. धंतोली आणि रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रुग्णाला आधी फाटकाशी उतरवा, गाडीचं नंतर बघा.

सुई लागल्यावर

बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. हाडांच्या ठिसूळपणासाठी ५ मिलिग्रॅम, १०० मिलीच्या तयार बाटलीत येतं. ४ मिलिग्रॅमची छोटी कुपी कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते. औषध तेच, डोस आणि वेळापत्रक वेगळं. कॅन्सरसाठी ते आधीच चालू असेल तर हाडांसाठी वेगळं घ्यायचं नसतं. द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा, मुदतीची तारीख बघा.

सलाईन १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात कधीच जाऊ नये. घाईने गेलं तर किडनीवर एकदम भार पडतो. बरेच दवाखाने ३० मिनिटं लावतात आणि उतारवयात तेच योग्य. साध्या सलाईनच्या नळीत २० थेंबांचा एक मिली होतो. १०० मिली ३० मिनिटांत म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ थेंब, दहा सेकंदांत अकरा. घड्याळ लावून मोजा. पाण्याच्या धारेसारखं वाहत असेल तर सिस्टरला सांगा, त्यांना राग येत नाही. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, म्हणून ते याच नळीतून द्यायचं नसतं. नळी धुवायला साधं नॉर्मल सलाईन वापरतात.

सुईच्या जागी आग किंवा सूज, अंगावर पित्त उठणं, श्वास अडकणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी सांगा. सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दहा मिनिटं.

ताप येतो तेव्हा

पहिल्या सलाईननंतर साधारण तिघांपैकी एकाला ताप, अंगदुखी, सांधेदुखी, डोकेदुखी होते. होरायझनमध्ये हे प्रमाण पहिल्या वेळी सुमारे ३२ टक्के, दुसऱ्या वेळी ७ आणि तिसऱ्या वेळी ३ च्या आत होतं. संध्याकाळपर्यंत माणूस ठणठणीत असतो आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं. हे जंतूंमुळे होत नाही. औषधामुळे रक्तातल्या एका प्रकारच्या लढाऊ पेशी चेकाळतात आणि फ्लूसारखी लक्षणं येतात. म्हणून अँटिबायोटिक इथे निरुपयोगी. बहुतेकांचं तीन दिवसांत ओसरतं, काहींची सांधेदुखी आठवडाभर रेंगाळते. आधी आठवड्याची गोळी घेतलेल्यांना हा त्रास कमी होतो.

डॉक्टरांना विचारून पहिली पॅरासिटामॉल सलाईनच्या दिवशीच घ्या, ताप चढायची वाट पाहू नका. ६५० ची गोळी दर सहा तासांनी, चोवीस तासांत चारच, तीन दिवस. लिव्हरचा आजार किंवा दारूची सवय असेल तर डोस आधी विचारा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ती वर घेऊ नका. मेडिकल दुकानातून ‘अंगदुखीची स्ट्राँग गोळी’ मागितली की बहुधा एसिक्लोफिनॅक मिसळलेली मिळते, आणि नेमकी तीच या दिवसांत किडनीला नको असते. पाकीट वाचून घ्या.

मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, ताक, संत्र्याचे दिवस असतील तर संत्री. पाणी तासातासाला थोडं थोडं.

या तीन रात्रींत पडण्याची भीती सगळ्यात मोठी. तापात पाय लटपटतात, पाणी जास्त प्यायल्याने रात्री तीनदा उठावं लागतं आणि कूलरच्या टाकीतून गळालेलं पाणी नेमकं पलंगाजवळच्या गुळगुळीत फरशीवर पसरलेलं असतं. हाडं वाचवायला सलाईन घेतलं आणि त्याच रात्री खुबा मोडला, असं होऊ नये. कूलर सरकवा, पायपुसणं उचला, बाथरूमच्या वाटेवर दिवा जळत ठेवा, कुणीतरी त्याच खोलीत झोपा.

ताप तीन दिवसांनंतरही राहिला किंवा १०३ च्या वर गेला तर तो सलाईनचा समजू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये नागपुरात डेंग्यू-मलेरियाची साथ असते, रक्त तपासा. लघवी कमी झाली, डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, ओठांना मुंग्या किंवा हातापायांना गोळे आले, छातीत अनियमित धडधड सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. श्वास लागला किंवा शुद्ध हरपली तर १०८.

पुढचं वर्ष

कॅल्शियम आणि डी चालूच ठेवायचं. सलाईन घेतलं म्हणजे गोळ्या सुटल्या असं वाटून पुष्कळ जण पहिल्याच महिन्यात बंद करतात. दंतवैद्याकडे गेलात की या सलाईनचं नाव आणि तारीख सांगा. मांडीत किंवा जांघेत आठवडे-आठवडे बोथट दुखत राहिलं, चालताना वाढलं, तर ते गुडघ्यावर ढकलू नका. वर्षानुवर्षं हे औषध घेणाऱ्यांमध्ये क्वचित मांडीच्या हाडाला बारीक तडा जातो आणि तो एक्सरेत वेळीच सापडला तर पूर्ण मोडण्याआधी उपाय होतो. दोन्ही मांड्यांचा एक्सरे मागा.

पुढचं सलाईन बारा महिने भरण्याआधी नाही. त्या वेळीही क्रिएटिनिन नव्याने, गणित नव्याने, कारण वय वाढलेलं असतं आणि वजन बहुधा घटलेलं. तीन सलाईन झाल्यावर डॉक्टर थांबायचं की पुढे न्यायचं ते ठरवतात. खुबा किंवा मणका मोडलेल्यांचं सहा सलाईनपर्यंत चालू ठेवतात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन शक्यतो आधीच्याच मशीनवर करा, दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

बाटलीवरचं स्टिकर सिस्टरकडून मागून फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा. खाली तारीख, त्या दिवशीचं क्रिएटिनिन, वजन आणि ताप किती दिवस टिकला ते लिहा.